गदलीचा गोल

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी घटांगहून चिखलदऱ्याकडे वळलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर आमची गाडी अडली. रस्त्यावर आडवा बांबू. बांबूच्या दोन्ही टोकांना दहा-बारा वर्षांची दोन पोरं, तोंडं गुलालानं माखलेली. पलीकडे बायांची साखळी, एकीचा हात दुसरीच्या कमरेत, पावलं सगळ्यांची एका मापात. मधोमध ढोलकी आणि बासरीवाला. डांबर तापायला लागलं होतं आणि निम्म्या बाया अनवाणी होत्या.

गाडी माझ्या भाच्याची. पुण्याहून बायको-पोरांना घेऊन आला होता. परतवाड्याला माझ्याकडे एक रात्र राहून "मामा, तुम्ही मेळघाटात मास्तर होता ना, चला दाखवा आम्हाला" म्हणत मला पुढच्या सीटवर बसवलं होतं.

"हा काय प्रकार मामा? टोल?"

"फगवा मागतायत. दे काहीतरी."

"वर्गणी?"

वर्गणी म्हणता येत नाही. मेळघाटात होळी हा कोरकू आदिवासींचा सगळ्यात मोठा सण. दिवाळीला एखादा माणूस नाही आला तरी चालतं, होळीला मात्र वीटभट्टीवर गेलेला, अमरावती-अकोल्याच्या बांधकामावर गेलेला, पार पुण्या-मुंबईकडे गेलेला असा जो तो मिळेल त्या गाडीनं गावाकडे सुटतो. रोजगार हमीची थकलेली मजुरी होळीच्या आधी द्या म्हणून ओरड होते ती याचसाठी. होळी पेटली की पुढचे पाच दिवस फगवा. टोळ्या करून दुकानोदुकान, दारोदार, आणि रस्त्यावर. नाचायचं आणि मागायचं. हे वर्षातून एकदाचं मागणं हक्काचं असतं. देताना कुणी उपकार करत नाही आणि घेतल्यावर कुणी हात जोडत नाही. आम्ही मास्तर मंडळी मार्चच्या पगारातून फगव्याच्या नोटा वेगळ्या काढून ठेवायचो. संपल्या तर किराणा दुकानातून उधार आणायच्या, पण 'नाही' म्हणायचं नाही. जमलेल्या पैशात गावाचं जेवण होतं.

हे सगळं सांगून होईपर्यंत भाच्यानं काच बोटभर खाली करून दहाची नोट सरकवली होती. बांबू हलला नाही. सूनबाई म्हणाली, "अहो, काच लावा, गुलाल आत येईल." मागं बसलेली नात काचेला फोन टेकवून शूटिंग करत होती. पन्नास दिले तेव्हा बांबू वर गेला. बाया हसत बाजूला झाल्या, आणि त्यातल्या एकीनं जाता जाता बोनेटवर गुलालाचा हात उमटवला.

"ही तर खंडणी झाली," भाचा म्हणाला.

मी गप्प राहिलो. त्याच्या गाडीत बसलो होतो.

मुक्कामाचं ठिकाण छान होतं. नाव लिहीत नाही, तशी बरीच आहेत आता. विदर्भात थंड हवेचं ठिकाण म्हणून एकुलतं एक चिखलदरा. उंची साधारण 1100 मीटर. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, धुक्यात कणीस भाजतात, रबडी विकली जाते. आम्ही उतरलो तिथं काउंटरच्या मागं, टीव्हीच्या बाजूला, एक सागाची कोरलेली फळी उभी केली होती. वर सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेला माणूस. तिच्यावर पिवळा दिवा सोडलेला.

"ट्रायबल आर्ट," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. दर्यापूरचा होता. बिचारा आठ महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेला.

तो मुंडा होता, किंवा मुंड्याची नक्कल. कोरकूंच्या घरात माणूस गेलं की पुढं कधीतरी, ऐपत होईल तेव्हा, सिडोलीचा विधी करतात आणि मेलेल्याच्या नावानं अशी फळी कोरून झाडाखाली पुरतात. तोवर त्या जीवाचं काही खरं नसतं. फळी उभी राहिली की तो पूर्वजांत जाऊन मिळतो. एकेका झाडाखाली पिढ्यान्‌पिढ्यांचे मुंडे कलंडलेले, वाळवीनं खाल्लेले मी पाहिलेत. त्यांना कुणी सरळ करत नाही. कलंडायचे तसे कलंडू देतात. इथला मुंडा मात्र पॉलिश मारून ताठ उभा होता आणि त्याच्या पायाशी वायफायचा पासवर्ड लिहिलेली पाटी. आपल्या देवघरातल्या टाकांची कुणी कीचेन केली तर आपल्याला जसं वाटेल, तसंच काहीसं मला वाटलं. मग खोलीची किल्ली घेतली आणि वर गेलो. दुसरं काय करणार?

जेवणाच्या दारावर कागद चिकटवला होता: आज रात्री 8 वाजता शेकोटी व आदिवासी नृत्य.

आठाला दहा कमी असताना एका जीपमधून बारा बाया आणि तीन पुरुष उतरले. हिरव्या प्लॅस्टिकच्या गवतावर खुर्च्या मांडल्या होत्या. नाच सुरू झाला आणि तिसऱ्या मिनिटाला मला कळलं, या सकाळच्याच बाया. बोनेटवर हात उमटवणारी डावीकडून चौथी. आता सगळ्यांना एकसारख्या लाल साड्या, आणि ढोलकीवाल्याच्या डोक्याला मोरपिसं. मोरपिसांचं पुढं सांगतो.

भाच्याला कार्यक्रम फार आवडला. टाळ्या वाजवल्या, पोरांना पुढं बसवलं, शेवटी उठून पाचशेची नोट दिली. "बघा मामा, किती ऑथेंटिक वाटतं इथं," म्हणाला. माणूस मनानं चांगला आहे, हे मला लिहून ठेवायचंय. सकाळी दहाची नोट सरकवणारा आणि रात्री पाचशे देणारा एकच माणूस, समोर त्याच बाया, तोच नाच. सकाळी त्यांनी त्याला अडवला होता. रात्री त्यानं त्यांना बोलावलं होतं.

कार्यक्रम आटोपल्यावर मी स्वयंपाकघराच्या मागच्या अंगाला गेलो. बाया पायरीवर बसून जेवत होत्या. डावीकडून चौथी उठली. "गुरुजी, वळखलं नाही का?"

1998 साली ती माझ्या चौथीत होती. तिचं नाव मी लिहीत नाही, आधीच ती नको तितक्या फोनांत आहे.

तेव्हा तिला शाळेत टिकवणं ही माझी नोकरी होती. होळीनंतर आईबाप भट्टीवर निघाले की ही पाटी ठेवून धाकट्याला काखेत घेऊन त्यांच्यामागं जायची, पावसाळ्यात परत यायची. आता तिची पोरगी धारणीला वसतिगृहात राहून शिकते. "भट्टीवर नाय जात आता," ती म्हणाली. सीझनला आठवड्यातून तीन-चार रात्री नाच, माणशी अडीचशे, जेवण, जीपनं ने-आण. दिवसा इथंच भांडी आणि चादरी. नवरा सफारीच्या जिप्सीवर ड्रायव्हर. या पर्यटनानं मेळघाटाची वाट लावली असं मनात म्हणत मी मागच्या दारानं गेलो होतो, आणि दारातच मला गप्प बसावं लागलं. वीटभट्टी मी पाहिली आहे. अडीचशे रुपयांत नाचणं त्यापुढं काहीच नाही.

"काही खटकत नाही का?" मी विचारलं. शहरी प्रश्न.

तिनं थोडा विचार केला. "पाठ," म्हणाली.

"पाठ?"

"गदली गोल असते ना गुरुजी. इथं म्हणतात, पाठ दाखवू नका. सगळ्यांची तोंडं खुर्चीकडं पाहिजेत. मग अर्धाच गोल करतो."

गदली-सुसून ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुसून म्हणजे नाचणं. गदलीत बाया एकमेकींना धरून गोल करतात, तोंडं आत, ढोलकीकडे आणि एकमेकींकडे. गोल फिरतो, गाणं एका बाजूनं उठतं, दुसरी बाजू ते झेलते. उचलणारीला झेलणारी दिसावी लागते, कारण गाण्याचं पुढचं कडवं बऱ्याचदा तिथंच जुळवलेलं असतं, डोळ्यांनी इशारा करून. बाहेर उभ्या असलेल्याला दिसते ती पाठ. बाहेरच्यासाठी तो नाच नसतोच मुळी. अर्धा गोल केला की झेलणारी बाजूच उरत नाही, मग नवं कडवं कुठून यायचं? पाठ केलेली दोन गाणी, वीस-वीस मिनिटं.

"म्हणजे गाणी अडकली," मी म्हणालो.

"नाय नाय," ती हसायला लागली, आणि बाकीच्याही. आज त्यांनी तिसरं म्हटलं होतं. पांढऱ्या गाडीत माणूस बसला, काच वर करून घामाघूम झाला, काच खाली कर ना भाऊ, आम्ही काय वाघ आहोत? असं काहीतरी. भाच्यानं त्यावर टाळ्यांचा ठेका धरला होता.

मग तिनं ताटातला भात कालवता कालवता, अगदी सहज म्हटलं, "अर्धा गोल तर तुम्हीच शिकवला ना आम्हाला. साहेब आले होते तेव्हा."

शिकवला होता.

माझी नेमणूक 1994 ची. त्याच्या आदल्या वर्षी मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरलं होतं, आणि मी रुजू झालो तेव्हा पाहुण्यांची रीघ लागली होती. जिप्सी आणि रिसॉर्ट खूप नंतर आले. मेळघाटात बाहेरच्या माणसानं आधी पाहिलं ते कुपोषण. पुढारी, पत्रकार, कॅमेरे. एका फोटोवाल्यानं एका आईला उजेडाकडे तोंड करून बसायला सांगितलं, मांडीवरचं मूल थोडं पुढं धरायला सांगितलं, आणि मी तिला ते कोरकूत समजावून सांगितलं. दुभाषा मीच होतो. माझी मोडकी कोरकू पहिल्यांदा कामाला आली ती अशी.

दोन-तीन वर्षांनी कुणी मोठे साहेब तालुक्याला येणार म्हणून केंद्रशाळेतून निरोप आला, प्रत्येक शाळेनं आदिवासी नृत्य बसवावं. मी बसवलं. पोरींना नाच येतच होता, माझ्याहून लाख पटीनं चांगला. मी फक्त खडूनं अंगणात अर्धा गोल काढला आणि सांगितलं, साहेबांकडे पाठ करायची नाही. आणि मोरपिसं! त्या गावात कुणी डोक्याला मोरपिसं लावून नाचत नव्हतं. पण मला वाटलं, आदिवासी दिसायला पाहिजेत. परतवाड्याच्या बाजारातून मी स्वतः आणली. पहिला नंबर आला. ढाल अजून त्या शाळेच्या कपाटात असेल.

तर ही अशी गोष्ट. पर्यटनाला शिव्या घालणारे लेख मी पुष्कळ वाचले आहेत, आणि हा लेखही मी तसाच लिहायला घेतला होता.

रात्री झोप लागली नाही. एकदा माघी पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला गेलो होतो ते आठवत होतं. गोंडांचं मोठं तीर्थ. डोंगरात अवाढव्य गुहा, आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून आलेली माणसंच माणसं. पिवळे फेटे, सप्तरंगी झेंडे, ढोल. गर्दीनं परंपरा बिघडते म्हणावं तर चिखलदऱ्याच्या चार पावसाळी रविवारांची मिळून होणार नाही एवढी गर्दी तिथं एका दिवसात होती. पण तिथं मला कुणी खुर्ची दिली नाही. मी होतो काय, नव्हतो काय, कुणाचं काही अडत नव्हतं. गुहेच्या वाटेवर एका म्हाताऱ्या बाईनं "सरक बाबू" म्हणून मला कोपरानं बाजूला केलं. आजही तो कोपर आठवला की बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सफारी होती, वैराटची. चिखलदऱ्याहून जिप्सी वर चढत जाते, मग एकदम जंगल उघडतं आणि गवताचं मोठं पठार लागतं. भोवती दऱ्या, खाली निळसर डोंगरांच्या घड्या. गवे चरत होते. पोरं हरखली. देखणी जागा आहे, त्यात वाद नाही.

"इथं आधी गाव होतं," गाईड म्हणाला, आणि लगेच, "तो बघा सांबर."

मेळघाट व्याघ्र प्रकल्प 1974 चा, देशातल्या पहिल्या नऊंपैकी. गाभ्यातली गावं उठली ती पंचवीस-तीस वर्षांत: आधी बोरी, कोहा, कुंड, पुढं वैराट, पस्तलाई आणि आणखी बरीच. कुटुंबामागं दहा लाख हा बराच काळ भरपाईचा दर होता. गावं उठली म्हणून गवत आलं, गवत आलं म्हणून गवे आले, आणि गवे आले म्हणून आम्ही. कोरकूंच्या जाण्याचा आणि आमच्या येण्याचा संबंध इतका सरळ आहे की गाईडला तो सांगावासा वाटत नाही. तो स्वतः कोरकू होता.

मी त्याला हळूच विचारलं, मुठवा कुठं आहे? गावाची राखण करणारा देव तो, झाडाखालचा दगड. त्यानं हनुवटीनं एका झाडाच्या दिशेनं खूण केली, हात केला नाही. गाव उठलं तरी मुठवा उठत नाही म्हणाला. लोकांनी नव्या गावी नवा मांडलाय, पण हाही आहेच. मग भाच्यानं विचारलं, "काय दाखवलं मामा? टायगर?" आणि आम्ही दोघंही नाही म्हणालो.

चंद्रपूरकडे ताडोब्यातही याच वळणाचं आहे. तळ्याकाठी वाघाशी झुंजताना पडलेला तारू, त्याचा देव झाला, त्या देवाच्या नावावरून जंगलाला नाव पडलं, 1955 मध्ये त्या नावाचं राष्ट्रीय उद्यान झालं. तारूचं ठाणं अजून तळ्याकाठी आहे, पौषात त्याची जत्रा भरायची. आज ताडोबा म्हटलं की शंभरातल्या नव्व्याण्णवांना वाघ आठवतो, आणि वाघांना नावं आहेत, माया, मटकासूर, सोनम. देवाचं नाव जंगलाला देऊन झालं, मग माणसांची नावं वाघांना दिली. मेळघाटात कोरकू वाघाला कुला मामा म्हणतात. मामा म्हटलं की नातं आलं, नातं आलं की आब आला. नात्यातल्या माणसाला बघायला कुणी तिकीट काढून जात नाही.

चिखलदऱ्यात पॉइंटवर मात्र भीम आणि कीचक. भीमानं कीचकाला मारून या दरीत टाकलं, कुंडात हात धुतले, कीचकदऱ्याचं झालं चिखलदरा. प्रत्येक गाईड सांगतो, आमच्याही सांगितलं, छान रंगवून. याच डोंगरांची कोरकूंची स्वतःची गोष्ट आहे. डोंगर रिकामे पाहून रावणानं महादेवाला माणसं मागितली. महादेवानं कागेश्वर कावळ्याला धाडून तांबड्या मातीचं वारूळ शोधलं, त्या मातीची दोन बाहुली केली, मुला आणि मुलाई. पहिली माणसं ती. कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसं. ती गोष्ट का सांगत नाहीस म्हणून मी त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "रावण आला की पब्लिक नाराज होते सर." आणि डोळा मिचकावला. फगव्याच्या दिवसांत काटकुंभकडे मेघनाथाचा खांब उभा राहतो, रावणाच्या पोराचा. तिथं कुणाची नाराजी विचारत नाहीत.

परतताना दुपार झाली होती. त्याच वळणावर बांबू आडवा होताच, पाच दिवस संपले नव्हते. आज दुसऱ्या गावची टोळी असावी असं वाटलं, पण जवळ गेल्यावर डावीकडून चौथी दिसली. आज ती कुठल्याच बाजूनं चौथी नव्हती, गोलात मोजायचं कुठून?

मी उतरलो. खिशातून दोनशे काढून पोरांच्या थाळीत टाकले. कुणीतरी माझ्या सदऱ्याला गुलाल फासला आणि ढोलकीवाल्याच्या मागं पुरुषांची रांग फिरत होती तिच्यात ओढलं. गुडघे माझे साठीचे, दोन पावलं पुढं, एक मागं, एवढंच जमत होतं. गाडी एकदा समोर यायची, एकदा पाठीमागं जायची. समोर यायची तेव्हा भाचा खाली उतरून फोन धरलेला दिसायचा.

"मामा, त्यांना जरा इकडं तोंड करायला सांगा ना!" तो ओरडला. ढोलकीत मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

परतवाड्याला मला सोडून ते त्याच दिवशी पुण्याला निघाले. रात्री उशिरा त्याचा मेसेज आला. व्हिडिओ पाठवलाय मामा, पण नीट आला नाही. सगळ्यांच्या पाठीच दिसतायत. तुमचीसुद्धा.